बासष्ट खण

८ जानेवारी १९९६, घोडेगाव

अठरा पानांचा फॉर्म! मुंबईच्या त्या ट्रस्टला मी एवढंच कळवलं होतं की संशोधनासाठी मदत हवी — घरी जन्मलेली बाळं पहिल्या महिन्यात का दगावतात, आणि वस्तीवरच्याच बाया शिकवून ती वाचवता येतात का. चार बाया, चार वजनकाटे, दोन वर्षं. त्यावर हे बाड आलं. इंग्रजीत, टाइप करून, सहा प्रती. 'संस्थेच्या संशोधन विभागाची रचना जोडावी.' संशोधन विभाग म्हणजे मी, दोन खोल्यांचा दवाखाना आणि झाडलोट करणारी छबूबाई. जोडा!

शिवाय गेल्या वर्षीचे जन्म-मृत्यू, पुराव्यासकट. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात आमच्या सगळ्या वस्त्या मिळून सतरा जन्म. सतरा! एवढ्या पोरांना तर मी एका दुपारी लस टोचते. ग्रामसेवक म्हणे, "मॅडम, कोणी सांगायलाच आलं नाही तर मी काय करू?" तू काय करणार बाबा. चहा पी.

१२ जानेवारी

सापडला पुरावा! वस्त्यांवरची बाळंतपणं मालनबाई करतात, वीस वर्षं झाली. दर बाळंतपणाचा सुईणीला एक खण मिळतो. वर्षभराचे खण त्या पत्र्याच्या पेटीत ठेवतात आणि संक्रांतीला लेकी-भाच्यांना वाटून टाकतात. म्हणजे आत्ता पेटीत बरोब्बर एक वर्ष!

त्यांच्या ओट्यावर बसून मोजले. बासष्ट. एकेक खण उचलून सांगत गेल्या — "ह्यो गहिनीनाथच्या सुनंचा, ह्यो बन्सीच्या मुक्ताबाईचा…" एकदाही अडखळल्या नाहीत. पेटीवर हात ठेवून विचारलं, यातली किती गेली? बोटांवर मोजून म्हणाल्या, "तीन."

बासष्ट जन्म, तीन मृत्यू. सरकारी रजिस्टर घाला चुलीत. किती हुशार वाटले आज मी स्वतःला!

२७ जानेवारी

नाना टाइप करताहेत. मास्तरकी संपली तरी माझ्या बापाचा दोन बोटांचा वेग काही वाढला नाही. खालची कार्बन प्रत वाचायला भिंग लागेल. पान अकरा तिसऱ्यांदा चुकलं आणि मी ओरडले. नाना म्हणाले, "यशोधरा, माझ्यावर कशाला खेकसतेस? मी काय ट्रस्ट आहे?"

त्यातच छबूबाई दारात. "बाई, सुनंचं दिस भरत आल्यात. येकदा वस्तीवर यिऊन बघता का?" मोनिका तिचं नाव, पहिलटकरीण. म्हटलं, अर्ज जाऊ दे, मग येते. मुदत दहा तारखेची!

१ फेब्रुवारी

छबूबाई आली नाही.

३ फेब्रुवारी

आजही नाही! तिसरा दिवस. निरोप नाही, काही नाही. दवाखाना मी झाडला, पाणी मी भरलं, आणि वर पान चौदा मीच तपासलं. माणसाने किती ठिकाणी मरायचं?

५ फेब्रुवारी

अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला. सुटले.

छबूबाई उगवली. पेशंटांसमोरच बोलले. नको तेवढं बोलले. निरोप तरी धाडायचा! ती म्हणाली, "घरी अडचन हुती," आणि खाली बघून फरशी पुसत राहिली. मग माझं मलाच वाईट वाटलं. मोनिकाचं विचारलं. "सुटली. बरी हाय." कपाटात एक पिवळं झबलं-टोपडं होतं, औषध कंपनीवाल्याने दिलेलं. ते दिलं, म्हटलं बाळाला घाला. तिने ते पदराखाली धरलं. बादली उचलून मागे गेली. फुगलीय अजून. फुगू दे.

१९ मार्च

ट्रस्टचे डॉक्टर येऊन गेले. आले नेमके बाजाराच्या दिवशी, तासभर गाडी म्हशींत अडकली. तो रागही माझ्याच खात्यात! खुर्ची रुमालाने पुसून बसले. "फक्त तीन? मॅडम, हे तर सगळीकडे असतं तेवढंच." मी म्हटलं, माझ्या दारात पोरं निळी पडून येतात हो. त्याहून जास्त तर येतच नाहीत, वाटेतच— "असेल. पण कागदावर दिसत नाही ना!"

कागदावर दिसत नाही. खोकल्याचा बहाणा केला, पण माझे डोळे भरले. त्याच्यासमोर! त्याचाच जास्त राग येतोय.

११ एप्रिल

नकार.

'आपल्या भागातील नवजात मृत्यूंचे प्रमाण सर्वसाधारण असल्याने प्राधान्य देता येत नाही.' सर्वसाधारण! म्हणजे यांच्या पसंतीला उतरायला आणखी किती मरायला हवीत? एक आकडा सांगा, तेवढी पाठवते! नाना म्हणाले, जेवून घे. नाही जेवले.

१३ एप्रिल



मालनबाई आल्या होत्या. त्यांना ते पत्र मराठीत करून सांगत होते, मधे मधे मुंबईच्या नावाने बोटं मोडत. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, पाचवीच्या आदी गेलेली बी लागत्यात व्हय त्यांला?"

म्हणजे?

"खण पाचव्या दिशी मिळतो. सटवाई पुजल्यावर. तवर जे ऱ्हायलंच न्हाई, त्याचा खण कुठला? त्याला नाव न्हाई, कुनी मोजत न्हाई. बोलत बी न्हाई. त्या पोरीला परत दिस जायचं असत्यात."

पण मी विचारलं होतं, किती गेली!

"तुमी पेटीवर हात ठिऊन इचारलं. पेटीतली तीनच हुती."

त्यांचं काय चुकलं? काही नाही. आमच्याकडे पाचवी पुजत नाहीत. आजोबांनी छप्पन्न साली देव्हाऱ्यासकट सगळं सोडलं, आणि मला त्याचा अभिमानच आहे. पण इथल्या बाया पुजतात, हे मला ठाऊक होतं. खण कधी मिळतो, एवढं विचारायला तोंड नव्हतं का मला? पाच वर्षं पुण्यात डॉक्टरकी शिकले! ज्या बाळांसाठी हा सगळा आटापिटा, नेमकी तीच मी वगळली. सहा प्रतींत वगळली. आणि शिव्या मुंबईला घातल्या.

१५ एप्रिल

एसटीडी बूथवरून मुंबईला फोन. खरं ते सांगितलं, चूक माझी. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग — "महिनाअखेरपर्यंत सुधारित आकडे पाठवा. यंदाचे मृत्यूही धरा. बघू." बघू म्हणे! पण फोन आपटला तरी नाही.

१८ एप्रिल

न मोजलेल्या बाळांच्या घरी मालनबाई नेणार, पण त्यांची अट — वही घराबाहेरच ठेवायची. आज दोन घरं. एका सासूने दार लावून घेतलं. "मेल्यालं उकरायला आलीस व्हय?" दुसरीकडची पोर काही न विचारता बोलायला लागली. थंड पडलं होतं, दूध ओढत नव्हतं, मुलगी होती. तासभर बोलली. निघताना म्हणाली, "कुनी इचारलंच न्हवतं."

मी रस्त्यात येऊन वही काढली आणि लिहिता येईना.

२४ एप्रिल

सहा झाली. पेटीतली तीन धरून नऊ. आता दिसेल कागदावर! नानांनी मशीनला तेल घातलंय, नवीन कार्बन आणलाय.

मालनबाई म्हणाल्या, "येक ऱ्हायलं. यंदाचं हाय." कुठल्या वस्तीवर? तर सांगेनात. चपला शोधत बसल्या, पायातच होत्या. मग घर सांगितलं. "तितं मी येनार न्हाई. तुमी एकल्याच जावा."

२५ एप्रिल

जाऊन आले. छबूबाईंनी बसायला गोधडी टाकली. मोनिका दारात गहू निवडत होती. मुलगा होता. ३१ जानेवारीला झाला, २ फेब्रुवारीला गेला. मला का नाही बोलावलं, विचारलं. छबूबाई म्हणाल्या, "आलते की मी. तुमी लई कामात हुता."

पिवळं झबलं फळीवर आहे. घडी मोडलेली नाही.