ओमेरच्या खोलीचं पान

कॅराकेट, ३ सप्टेंबर

चि. आल्सीद यास अनेक आशीर्वाद, आणि पत्राचा आळस करतोस म्हणून एक चापटही.

समुद्राकडचा कडा ढासळत ढासळत स्वयंपाकघराच्या पायरीशी आलाय. थंडीआधी घर पाडायचं ठरलं, मग बाबांना मी शहरातल्या माझ्या घरी नेईन. तू येणार नाहीस हे मी धरूनच चाललेय. आपल्या ओमेरची होडी रिकामी सापडली, त्यानंतर तू समुद्राकडे पाठ फिरवलीस ती फिरवलीसच. म्हणून घरच तुझ्याकडे पाठवतेय. मागे सुटे फोटो पाठवले तेव्हा जिन्यानंतर एकदम कोंबड्यांचं खुराडं आलं म्हणून हसला होतास. या वेळी कालचे सगळे फोटो एका वेबसाइटवर चढवून त्यांची एकच पीडीएफ करून घेतली. पानं सरकव, दारातून आत आल्यासारखं वाटेल. ओमेरची खोली तेवढी नाही. आईने लावलेलं कुलूप मी काढलेलं नाही.

बाबा बरे आहेत. काल कोंबडीच्या रश्शाचा फ्रिको दोनदा मागून घेतला.

माया आहेच, ती अधूनमधून कागदावरही येऊ दे.

तुझी ताई,
जेर्मेन


फोर्ट मॅकमरे, ५ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

चापट पोचली. पण ताई, ही थट्टा असेल तर फार वाईट थट्टा आहे. शेवटचं पान ओमेरच्या खोलीचं आहे. पलंगावर धुतलेली चादर, खुंटीला त्याचा पिवळा रेनकोट, त्या दिवशी घरीच विसरलेला तोच. कोटातून पाणी गळतंय, खाली फरशीवर तळं झालंय. मी मोठं करून करून पाहिलं. कामात मन लागत नाही. घरात तुमच्याशिवाय कोण आहे?

लगेच लिही. बाबांना नमस्कार.

तुझा,
आल्सीद


कॅराकेट, ६ सप्टेंबर

चि. आल्सीद, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी फोन उघडला. मी न बघताच सगळे फोटो चढवले होते. फोनमध्येही तो खोलीचा फोटो आहे. वर गेले, तर कुलूप नुसतं अडकवलेलं आणि आत फरशी ओली.

बाबांना विचारलं. मी कणीक मळत होते तेव्हा त्यांनी फोन उचलला होता. शांतपणे म्हणाले, पोराला सगळं घर पाठवतेस आणि त्याच्या भावाला बाहेर ठेवतेस होय? रोज पहाटे, मी उठायच्या आत, तो कोट घालून ते कड्यावर जाऊन उभे राहतात, धुक्यात हाका मारतात. शेजारचा तेओतीम मागे म्हणाला होता, मी ओमेरला कड्यावर पाहिलं. मी त्याला म्हटलं, जरा कमी पीत जा.

चादर कोणासाठी, विचारलं. म्हणाले, दमून येईल तो.

दाराला कडी घातली तर दाराशी बसून लहान मुलासारखे रडतात. कडी काढली तर कडा आहे. मला एकटीला झेपत नाही रे. घरासाठी नको येऊस, माझ्यासाठी ये.

तुझी,
जेर्मेन


फोर्ट मॅकमरे, २८ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

इकडे परत सुखरूप पोचलो. बाबा तुझ्या शहरातल्या घरी रुळले का? रात्री दिवा लागतो का त्यांना?

तुझ्यापाशी बोललो नाही ते लिहितो. मी दारात आलो तेव्हा तू तबेल्याकडे होतीस. बाबांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला नि म्हणाले, ओमेर, किती उशीर केलास. माझ्या तोंडून निघून गेलं, धुकं होतं बाबा. त्यानंतर ते कड्यावर गेले नाहीत. मी ओमेरच्या पलंगावर झोपलो, त्यांनी माझ्या पायांवर पांघरूण घातलं. एका संध्याकाळी हळूच विचारलं, आल्सीद कधी येणार रे? मी म्हटलं, येईल.

निघताना बसथांब्यावर तू मागून माझ्या नावाने हाका मारत होतीस. मी वळलो नाही म्हणून रागावलीस. ताई, मला खरंच कळलं नाही, तू कोणाला बोलावतेस ते.

बाबांना सांग, मी बरा आहे. कोण, असं ते विचारतील. ते जे नाव घेतील त्याला हो म्हण.

तुझा भाऊ