अक्रोडी दस्ता आणि तीन एकर तूर

६ ऑक्टोबर, सकाळी ७.१०
ठरलं. बंदूक घ्यायची. साधी नाही, रायफल. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता असलेली.
या वहीत आधी कपाशीच्या फवारणीच्या नोंदी होत्या. ती पानं फाडली. आजपासून ही शिकाऱ्याची रोजनिशी. शिकार अजून झालेली नाही, बंदूकही नाही, पण सुरुवात कुठून तरी करावी लागते.
कारण असं की काल बायकोच्या, शकूच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी यवतमाळला गेलो होतो. तिला दवाखान्यात बसवून ओळखीच्या एका रिटायर्ड रेंजरसाहेबांकडे चहाला गेलो. त्यांनी कपाटातून वडिलांची रायफल काढली आणि दस्त्याला हात लावू दिला. तपकिरी लाकूड, आत काळ्या रेषा, गालाला लावलं की थंड. छप्पन्न वर्षं मी हे सोडून काय करत होतो, कळत नाही.
परत जायला दोन तास उशीर झाला. शकूच्या डोळ्यांत औषध घातलं होतं, तिला घड्याळ दिसत नव्हतं. त्यामुळे फार बोलणं झालं नाही.

९ ऑक्टोबर
यूट्यूब. चार तास. डोकं भरून माहिती.
अक्रोडाचं लाकूड झटका पचवतं, फार जडही नसतं आणि दर्दी माणूस दुसऱ्या कशाला हात लावत नाही. आता प्लास्टिकचे दस्तेही निघाले आहेत. पावसात फुगत नाहीत, तडकत नाहीत, वर्षानुवर्षं टिकतात. पण माणसाला काही दर्जा असतो की नाही? प्लास्टिकच्या खुर्चीवर मी बसतो, तिला गालाला लावत नाही.
शकूनं विचारलं, तुरीतलं गवत काढाले कवा येता? अभ्यास चालू आहे म्हणून सांगितलं.

१२ ऑक्टोबर, दसरा
शस्त्रपूजा. पाटावर विळे, कुऱ्हाड, डवऱ्याची लोखंडी पास. मधोमध माझा मोबाइल, स्क्रीनवर रायफलचा फोटो. स्क्रीन सारखी बंद पडायची, म्हणून आरतीभर बोट लावत बसलो. शकूनं विळ्यांना कुंकू लावलं आणि मोबाइलला वगळलं. मीच लावलं. आता टच नीट चालत नाही.

१७ ऑक्टोबर
नेमबाजीची प्रॅक्टिस सुरू. तूर्त मुसळावर. वजन जवळपास तेवढंच भरतं. रोज सकाळी शंभर वेळा खांद्याला लावायचं, श्वास रोखायचा, नेम धरायचा.
तिसऱ्याच वेळी आमच्या वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, धुरा लागून असलेला देवीलाल राठोड फाटकात उभा. तांड्यावरून येताना रोज याच रस्त्यानं येतो. म्हणे, भाऊ, हे काय करून राह्यले? उखळ कुठी हाय?
या लोकांना समजावण्यात अर्थ नाही.

२१ ऑक्टोबर
दस्त्याला जवसाचं तेल चोळतात, हे वाचून फार आनंद झाला. कुठले कुठले शिकारी जे तेल मागवतात, ते आमच्याकडे चटणीवर घेतात. बोरी अरबच्या बाजारातून बाटली आणली. हात बसावा म्हणून मुसळाला तीन हात दिले. काय चमक आली!
संध्याकाळी शकू तीळ कुटायला बसली. मुसळ हातातून निसटून पायावर पडलं. अंगठा सुजला आहे. तिनं मुसळ धरताना काळजी घ्यायला हवी होती.

२५ ऑक्टोबर
बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला. कारण: पीक संरक्षण. प्राणी: रानडुक्कर, रोही (नीलगाय).
खिडकीतल्या बाबूनं विचारलं, आतापर्यंत नुकसानीचे पंचनामे किती? एकही नाही, म्हटलं. तो म्हणाला, नुकसानच नाही तर बंदूक कायले पायजे?
आता नुकसान नाही याला कारण शकू. तिनं तीन एकर तुरीभोवती जुन्या साड्या बांधल्या आहेत. आमच्याकडे सगळेच बांधतात. वाऱ्यानं कापड हललं की डुकरांना माणूस वाटतो, ती बिचकतात. पण शकूनं यंदा अख्खी ट्रंक रिकामी केली. मे महिन्यात आमच्या मुलीचं, प्रेरणाचं लग्न झालं, तेव्हा हिनं विहीणबाईंना शब्द दिला की पोरीच्या घरी पहिल्या वर्षाची डाळ आमच्या वावरातून येईल. तेव्हापासून ही तुरीला नातवंडासारखी जपते. दिवसातून दोन चकरा, सुजलेल्या अंगठ्यानिशी.
बाबू मात्र मुद्द्याचं बोलला. विचार करायला हवा.

२ नोव्हेंबर
विचार केला. आज शकू पाहुण्यांकडे गेली होती, तेव्हा नाल्याकडच्या बाजूच्या साड्या काढल्या. फक्त एकच बाजू. नुकसान नमुन्यापुरतं हवं, दोन ओळी, फार तर तीन. मोठ्या कामात थोडं सोडावं लागतं.
साड्यांच्या नीट घड्या घातल्या आणि वावरातल्या गोठ्यात कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या ढिगाखाली ठेवल्या. शकूला सांगितलं, वाऱ्यानं उडाल्या. ती नाल्याच्या काठानं बाभळीत तासभर शोधत फिरली. मीही शोधल्या, अगदी मनापासून. माझ्या पायात काटाही मोडला.

९ नोव्हेंबर
आठवडा झाला, एक डुक्कर नाही. आपल्याकडच्या जनावरांनाही शिस्त नाही. उरलेल्या तीन बाजूंच्या साड्याही काढून तिथेच कुटाराखाली ठेवल्या. वारा या वर्षी फारच आहे, असं जेवताना दोनदा बोलून ठेवलं.

११ नोव्हेंबर, सकाळी ६.३०
आली!! पायांच्या खुणांवरून वीसेक असावीत. तीन ओळी आडव्या. मोबाइलवर चाळीस फोटो काढले, कुंकवानं टच बिघडलेला, त्यामुळे चारच आले. शकू मोडलेल्या झाडांच्या शेंगा ओटीत गोळा करत रडत होती. मीही चेहरा तसाच ठेवला. आतून म्हणाल तर रायफल दिसत होती.

१८ नोव्हेंबर
अर्धा एकर गेलं. सगळं योजनेप्रमाणेच, फक्त जरा लवकर.
देवीलाल आला होता. म्हणे, आळीपाळीनं रातची जागल करू, एक दिवस मी, एक दिवस तुम्ही. माह्या वावरातल्या उंच माळ्यावरून दोन्ही वावरं दिसते. मी सांगितलं, नेमबाजाला पुरेशी झोप हवी असते, डोळे लाल असून चालत नाही. परवाना आला की तुझंही वावर मीच पाहीन. तो म्हणाला, तवालोक डुकराईले काय सांगू?
शकू म्हणाली, मी जातो बसंतीबाईसंगं माळ्यावर. बसंतीबाई म्हणजे देवीलालची बायको. मी साफ नाही म्हटलं. आमच्या घरातली बाई जागलीला जाते म्हटल्यावर गावात काय इज्जत राहील?

२६ नोव्हेंबर
बैठकीच्या भिंतीवर रायफलसाठी दोन खुंट्या ठोकल्या. सागवानी. खाली पाहुण्याला बसवायचं, म्हणजे मान वर करूनच पाहावं लागेल. दुपारी पाहतो तर एका खुंटीवर शकूनं बाजाराची पिशवी अडकवलेली. काढून ठेवली.
तूर: दीड एकर उरली असावी. मी गेलो नाही, शकू सांगत होती.

५ डिसेंबर
प्रेरणाचा फोन. सासूबाई विचारत होत्या, डाळ संक्रांतीपर्यंत येईल का? शकूनं फोन माझ्याकडे दिला. हो हो, येईल, म्हटलं. रेंज गेल्यासारखं करून ठेवून दिला. आवाज थोडा कापला, पण ते थंडीनं.

१२ डिसेंबर
अर्जावरून वावराची पाहणी झाली. मोठा दिवस.
वनरक्षक आल्या. ममता नावाची पोरगीच, पण वर्दीत. मला काका म्हणाली, बोलायला चांगली. मी तिला तिन्ही एकर फिरवून दाखवले. अभिमानानं म्हणालो, पाहा, एक झाड उभं नाही! एवढं नुकसान तालुक्यात कोणाचं नसेल. तिनं देवीलालच्या वावराकडे बोट दाखवलं. म्हणे, काका, त्याइची तूर तर छातीला लागून राह्यली. मधात एक धुरा फक्त. तुम्ही साड्या नाही बांधल्या का?
बांधल्या होत्या, वाऱ्यानं गेल्या, म्हटलं.
तेव्हा शकू शेजारी गोठ्यात बैलाला कुटार काढत होती. टोपलं भरता भरता थांबली. मग एकेक साडी बाहेर काढून बाजेवर ठेवत गेली. हिरवी, मोतिया, प्रेरणाच्या बारशाची जांभळी. एकूण एकतीस. सगळ्यांच्या चार-चार घड्या.
शकू एवढंच म्हणाली, वाऱ्याले घड्या घालता येते काय हो?
ममता खाली मान घालून लिहीत राहिली. मी लाकडांच्या प्रकारांबद्दल काहीतरी बोललो. काय, ते आठवत नाही.

२१ डिसेंबर
उत्तर आलं. शेतात संरक्षण करण्याजोगे पीक आढळून आले नाही. सबब शिफारस करता येत नाही.
एक तांत्रिक अडचण. अपील करता येतं. पुढच्या वर्षी हरभरा पेरून पुन्हा अर्ज करू, हरभऱ्याला डुक्कर जास्त लागतं.
शकू नऊ दिवस झाले बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते. शांततेत अभ्यास चांगला होतो. आज मात्र यूट्यूब लावलं आणि दोन मिनिटांत बंद केलं.

८ जानेवारी
सकाळी शकू विळा घेऊन निघाली. कुठे, ते सांगितलं नाही. मागे मागे गेलो. देवीलालच्या वावरात तुरीची सोंगणी, म्हणजे कापणी, चालू आहे. तिथे मजुरी पेंढ्यांत देतात. तीन एकरांची मालकीण बसंतीबाईच्या शेजारी ओळ धरून वाकली.
देवीलालनं मला पाहिलं. हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, भाऊ, तुम्ही बसा झाडाखाली, तुमच्यानं नाही होत. मी म्हटलं, विळा दे.
तूर बुडाशी लाकडासारखी कडक असते. दुपारपर्यंत दोन्ही तळहातांना फोड आले. माझी एक ओळ झाली, शकूच्या चार. मी तिच्या मागच्याच ओळीत होतो, तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. लाज वाटली. इथे दुसरं काही लिहिता येत नाही.
संध्याकाळी देवीलालनं तिला सात पेंढ्या दिल्या, मला एक. बाहेर रस्त्यावर आल्यावर शकूनं माझी पेंढी घेऊन तिच्या भाऱ्यात बांधली, भारा डोक्यावर घेतला आणि सत्तावीस दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली.
म्हणाली, प्रेरणाले सांगू नोका, कोनाच्या वावरातली हाय थे.