राखणीची बाटली

कोंडवाडी, २ मार्च २०२५

चि. सौ. स्वप्ना हिला अनेक आशीर्वाद. वि. वि. फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. शेजारच्या जनीच्या ओटीवर जाऊन बोलावे लागते. मला अर्धे ऐकू येते, उरलेले अर्धे वाडी ऐकते.

विनोद दारू सोडणाऱ्यांच्या कसल्या मंडळात जातो असे कळले. ती माणसे कोण, कोणत्या धर्माची? तिथे उभे राहून मी दारुडा आहे असे सांगावे लागते म्हणतात. आपल्याकडचा कोणी तिथे बसलेला असला तर शिमग्यात त्याच्या नावाने सोंग निघेल. औषध तरी देतात का? नुसत्या बोलण्याने दारू सुटती तर तुझ्या सासूने मरायच्या आधीच सोडवली असती. इथे घास उतरत नाही. सविस्तर लिही.

मनस्वीला पापा. म्हाताऱ्याला विसरू नये.
धाकू

रत्नागिरी, ९ मार्च

ती. बाबांना स्वप्नाचा शि. सा. न. वि. वि. सासूबाईंचे वाचून हेसुद्धा हसले.

डिसेंबरअखेर हे पडले तेव्हा डोक्याला टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी कागदामागे एक नंबर लिहून दिला होता. आठ दिवस तो तांदळाच्या डब्यात ठेवला, मग फोन केला. त्या माणसाने आधी माझे रडणे ऐकून घेतले आणि मग फोन यांच्याकडे द्यायला सांगितले. मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी एका शाळेच्या माडीवर सगळे बसतात. औषध नाही, फी नाही, धर्म कोणी विचारत नाही, आडनावसुद्धा नाही. पहिल्या दिवशी हे दारातूनच परत फिरले. तेव्हा एक निवृत्त मास्तर मागोमाग खाली उतरले आणि रिक्षा स्टँडवर यांच्याबरोबर चहा प्यायले. त्यांना दारू सोडून अकरा वर्षे झाली. ते म्हणतात, फक्त आजचा दिवस प्यायची नाही. असे आज बासष्ट दिवस झाले. काल यांनी मनस्वीच्या पुस्तकांना कव्हरे घातली, एकही वाकडे नाही.

एक विनंती. यंदा वाडीच्या राखणीला, देवाला कोंबडा-बाटली द्यायला, यांना बोलावू नका. मास्तर म्हणतात, वाससुद्धा नको.

आशीर्वाद असू द्यावा.
स्वप्ना

कोंडवाडी, ६ एप्रिल

चि. सौ. स्वप्ना हिला आशीर्वाद. वि. वि. राखण वीस तारखेला ठरली. विनोदला पाठवावेच लागेल. वाडी राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, कोंबडा आणि दारू द्यायचा मान तीन पिढ्या आपल्या घराचा आहे. माझा हात आता कापतो. गेल्या वर्षी धार पानाबाहेर गेली आणि पावसात गुरवाची म्हैस मेली. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. बाटली धरायला घरचा पुरुष हवा.

पोरी, देवाची ती दारू नव्हे, तीर्थ. मी बाजूला उभा राहीन. सकाळच्या गाडीने पाठव, संध्याकाळच्या गाडीत मी बसवून देतो. शब्द माझा.

राग धरू नये.
धाकू

रत्नागिरी, २५ एप्रिल

ती. बाबांना शि. सा. न.

हे त्या संध्याकाळी आले नाहीत. मंगळवारी दुपारी हातखंब्याच्या तिठ्यावर सापडले, एका पायात चप्पल. माझ्याआधी मनस्वीने ओळखले.

बाबांनी तीर्थ म्हणून ओंजळीत दिले, नाही कसे म्हणू, असे म्हणतात. मी दोष देत नाही. पण आता हे मंडळात जात नाहीत. एकशे चार दिवस पाण्यात गेले, कोणत्या तोंडाने जाऊ म्हणतात. मास्तर दोनदा घरी आले, दोन्ही वेळा हे मागच्या दाराने निघून गेले. रोज पिऊनच येतात. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा सुरू झाली तर लिव्हर साथ देणार नाही.

पुढच्या शनिवारी घरच्या माणसांनाही बसता येते. तुम्ही या. तुम्ही बसलात तर कदाचित हे येतील.

स्वप्ना

कोंडवाडी, ५ मे

चि. सौ. स्वप्ना हिला आशीर्वाद. वि. वि. काल सुखरूप पोचलो. तुमच्या घरात तोंडातून शब्द निघाला नाही, म्हणून लिहितो.

शनिवारी विनोद शाळेपर्यंत आला आणि जिन्याखाली थांबला. मी एकटाच वर गेलो. तेरा माणसे होती. बोलायचे का असे मास्तरांनी विचारले. मी गावकीत कधी बोललेलो नाही, तरी उभा राहिलो. नाव सांगितले. मी पीत नाही, वर्षातून एकदा तीर्थ, असे सांगितले. मग तुझ्या सासूलाही कधी न सांगितलेले बाहेर पडले. विनोद दहा वर्षांचा असताना राखणीत त्याच्या ओंजळीत पहिली धार मीच सोडली. त्याला ठसका लागला, तोंड वाकडे झाले, माणसे हसली. मीही हसलो. म्हटले, शिकेल. आणि परवाही हात माझाच.

 एकाने पाण्याचा पेला पुढे केला. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

खाली उतरलो तर विनोद चौथ्या पायरीवर बसलेला. ऐकलेस का, असे मी विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही. दंड धरून मला रिक्षेपर्यंत नेले.

आज भावकीला सांगितले की यापुढे माझ्या हातून नारळ फुटेल, बाटली नाही. मग मान धाकट्या घराला जाईल म्हणाले. जाऊ दे. राखणदाराची भीती वाटते, खोटे कशाला सांगू. पण मंगळवारच्या बैठकीची जास्त वाटते.

हे पत्र पोचेल तोवर मंगळवार होऊन गेलेला असेल. चार पायऱ्या चढला, तशा उरलेल्या चढला का, एवढे एका ओळीत कळव. फोन नको, कार्ड टाक. चढला नसेल तरी कळव.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही, तरी ठेव.
धाकू