उरलेल्या दृष्टीचा विनियोग

सौभाग्यवतीस सप्रेम आशीर्वाद.

ईश्वरकृपेने मुलाच्या घरी मी सुखरूप आहे. भूक उत्तम लागते, झोपही पुरते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, गेलेली दृष्टी परत येणार नाही. उरलेली औषधाच्या थेंबांनी वर्षभर टिकली तर टिकेल. तेव्हा ती उधळायची नाही, असा मी निश्चय केला आहे. वर्तमानपत्र बंद केले. डोळे मिटून सगळी पोथी म्हणून पाहिली आणि जेथे अडखळलो तेथे खुणा केल्या. आता रोज खुणेचे पाचच श्लोक वाचून पाठ करतो.

सूनबाई म्हणाली, "बाबा, परीक्षा कधी आहे तुमची?"

मी म्हटले, "तारीख ठाऊक असती तर इतकी घाई केली असती का गं?"

ती हसली खरी, पण आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? जिना जपून उतरत जा.

मुलगा राहण्याचा फार आग्रह करतो; परंतु हे थेंब तिकडेही मिळतात. पोथी पाठ करता येते, तुला मात्र समोर बसूनच पाहायला हवे. म्हणून येत्या शुक्रवारी निघतो आहे.

परमेश्वर तुला सांभाळो.

तुझा सहचर