नऊ आकृत्या

दहिवडी,
ऑक्टोबर १९९८

प्रिय अमृत,

मेंढ्यांचा वाडा झाडून झाला होता, कोकरं आयांना लावली होती आणि मी चुलीवर हुलग्याचं माडगं ढवळत होते, तेवढ्यात शेजारचा जोतिबा पोट फुगलेली मेंढी खांद्यावर घेऊन आला. ओल्या लसूणघासात शिरली होती. तू पाठवलेले तुझ्या आबांच्या मेंढ्यांच्या दुखण्यांवरच्या पुस्तकाचे छापील कागद मी त्याच्यापुढं टाकले. म्हटलं, पोटफुगीचं पान काढ आणि वाच. ‘सुई आकृती’ एवढं वाचून तो अडकला. पुढं ठळक, अर्थ नसलेली अक्षरं होती. म्हणाला, “वयनी, सुई टोचायच्या आदी ह्यो मंतर म्हणायचा व्हय?” मी डाव्या कुशीवर जागा धरून सुई टोचली आणि मेंढी वाचली. पण मला धडकी भरली. हे पुस्तक ज्याच्या हाती पडेल त्याच्याजवळ मी थोडीच असणार? चित्राचा आकडाच नसेल तर त्यानं सुई मारायची कुठं?

आबांच्या वहीवरूनच मी वाचायला शिकले, हे तुला माहीत आहे. शेवटच्या उन्हाळ्यात त्यांना उठवत नव्हतं. मी चित्र काढून त्यांच्या डोळ्यांसमोर धरायची. “लय पुढं झालं, बरगडी लागंल. मागं घे,” म्हणायचे. पोटफुगीचं चित्र आठव्यांदा काढलं तेव्हा कुठं मान हलवली. चार दिवसांनी ते गेले. त्या वहीत अजून कोरी पानं आहेत. त्यांवर मी काही काढत नाही.

चित्रांची पानं तू तुझ्याकडंच ठेवली होतीस, म्हणून सोमवारी सांगलीला दीपमालाच्या टायपिंगच्या दुकानात गेले. तुझी शेवटची फाईल तिच्याकडं होती. तिनं फॉन्ट बदलला तशी त्या मंतराची इंग्रजी अक्षरं झाली. अर्थ सांगितला : चूक, ज्याचा संदर्भ दिलाय ते सापडत नाही. म्हणाली, “काकू, मजकुरातला आकडा मी चित्राखालच्या ओळीला बांधून ठेवते. चित्र पुढंमागं झालं तर आकडा आपोआप बदलतो. पण ती ओळच कुणी पुसली, की आकड्याला काही धरायला राहत नाही.” सतरापैकी नऊच आकडे तुटले होते. बाकीचे फोटोंचे होते. मला वाटलं यंत्राची खोड असेल. तिनं जुनी प्रत शेजारी उघडली. नऊ चित्रांखाली ‘रेखाटन : तानुबाई’ होतं. तू दुरुस्त करून दिलेल्या फ्लॉपीत त्या नऊ ओळी पुसून नव्यानं लिहिल्या होत्या, ‘रेखाटन : प्रा. अमृत’. ती पोर खाली बघत म्हणाली, “सर म्हणाले, माझं नाव असलं तर कॉलेजात उपयोगी पडंल.”

अमृत, तुला मेंढीचा एक पाय काढता येत नाही. मागितलं असतंस तरी मी दिलं नसतं. तू म्हणशील, आई, घरातलंच आहे. घरातलं म्हणून तू माझ्या चुलीवरचं जेवलास, माझी पाटल्यांची जोडी तुझ्या शिक्षणाला गेली, त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. हे घरातलं नाही. हे त्यांचं आणि माझं आहे. आणि घाई तरी किती! आईचं नाव पुसताना मजकुराचं काय झालं ते एकदा वाचूनही बघितलं नाहीस. बापाचं पुस्तक होतं रे ते. परगावच्या एखाद्यानं अंदाजानं सुई मारली असती, तर ती मेंढी तुझ्या नावानं मेली असती.

प्रकाशनाच्या दिवशी चारचौघांत पुस्तक उघडून तुझा चेहरा उतरू नये, म्हणून आधी कळवते आहे. तेवढी आई अजून आहे. सोमवारी मी सांगलीतच शालूमावशीकडं राहिले. मंगळवारी दुकान उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसले, नऊही ओळी माझ्या नावानं टाईप करून घेतल्या, एकेक आकडा पुन्हा बांधायला लावला, सगळी पानं वाचली आणि दुपारी छापखान्यात देऊन आले.

तुझीच आई,
तानुबाई