वाढलं म्हणायचं

रविवार, ५ जानेवारी

आलो बाई एकदाचे! लग्नाला वर्ष होत आलं तरी सासरचं घर पाहिलं नव्हतं, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. लग्न कार्यालयात झालं आणि तिथून थेट हडपसरच्या भाड्याच्या खोलीत. गावाकडे जाऊ म्हटलं की इंद्रजितचं काहीतरी निघायचंच. कधी फरशीचं काम, कधी रंग ओला. आता त्याची बदली शिरवळला झाली, मला सहावा लागला, तेव्हा मीच टुमणं लावलं की शिवऱ्याला स्वतःचं घर असताना आपण भाड्यानं का राहायचं?

घर चांगलं ऐसपैस आहे. हायवेपासून जरा आत, वर माडी, पुढे अंगण, तुळस. सासूबाई फाटकात वाटच बघत होत्या. माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला आणि लांब फेकायचा सोडून ओच्यात खोचला. मला हसू आलं. दमल्या असतील, विसरल्या.

आईला फोन करून ऐट केली. माहेर सारोळ्याला, अर्ध्या तासावर. सातव्यात ती मला बाळंतपणाला न्यायला येणार. घर बघून हरखेलच.

मंगळवार, ७ जानेवारी

पुढची खोली तेवढी मोकळी आहे. आत गेलं की जमीनच दिसत नाही. माळ्यापर्यंत गोण्या. धुऊन घडी घातलेल्या दुधाच्या पिशव्या, फुटक्या बरण्या, काड्या मोडलेल्या छत्र्या, औषधाच्या रिकाम्या बाटल्या, जोडीतली एकेक चप्पल. स्वयंपाकघरात जायला मधून एक बोळ, त्यातून आडवं होऊन सरकायचं. आणि माझं हे पोट! माहेरी माझ्या टापटिपीला सगळे हसतात, आणि माझ्याच नशिबी हे यावं?

इंद्रजितवर तोंडसुख घेतलं. त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, गुंजवण्याकडचं घर धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा आईला हाताला लागेल तेवढंच घेऊन निघावं लागलं. तेव्हापासून ती काहीही टाकत नाही. कुणाला सांगू नकोस, म्हणाला. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

रविवार, १२ जानेवारी

माझ्या हातून गुलाबाच्या फुलांचा कप फुटला. सासूबाई धावत आल्या. फुटला म्हनू नगं बाई, वाढला म्हनावं, असं म्हणून तुकडे पदरात गोळा केले.

आता बांगडी वाढली, कुंकू वाढलं असं आपण सगळ्याच म्हणतो. वाईट शब्द तोंडातून काढू नये म्हणून. पण यांचं सगळंच वाढतं. पिशवी फाटली, वाढली. झाडू झिजला, वाढला. टॉर्चचे सेल वाढले. मी आणि इंद्रजित जेवताना खुसुखुसू हसलो. सासूबाई मायाळू आहेत मात्र. भातावर हात सैल सोडून तूप वाढतात, माझे पाय चेपून देतात. सकाळी मी केस विंचरून गुंतवळ टाकायला निघाले, तर ते माझ्या हातातून घेऊन त्यांनी डबीत ठेवलं. ते मात्र मला आवडलं नाही.

बुधवार, १५ जानेवारी

काल संक्रांत. आळीतल्या बायकांनी हळदीकुंकवाला बोलावलं. सगळीकडे गेले, वाण घेतलं, आणि प्रत्येकीनं विचारलं की तुझं कधी? तब्येत बरी नाही म्हणाले. पुढे उखाण्याचा आग्रह झाला तेव्हा वाण उचलून घरी आले.

समोरच्या सुगराभाभी संध्याकाळी शेवयांच्या खिरीचा डबा घेऊन आल्या. मी फाटकातच आडवी उभी राहिले, डबा घेतला, या बसा म्हणाले नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, मंगलचं बी असंच व्हायचं, ती बी फाटकातनंच बोलायची. मंगल म्हणजे माझी थोरली जाऊ. दीर ट्रकवर असतात, वर्षा-सहा महिन्यांनी येतात. ती माहेरी गेलीय असं मला सांगितलंय. सुगराभाभी म्हणाल्या, जाताना म्या तरी पाह्यली न्हाई.

सोमवार, २० जानेवारी

सासूबाई दवाखान्यात गेल्या तशी मी पदर खोचला. एक आख्खी गोणी ओढत नेऊन भंगारवाल्याच्या टेम्पोत टाकली. जागा झाडून काढली. कितीतरी दिवसांनी फरशी दिसली. डोळ्यांत पाणीच आलं.

जेवून उठले तर त्या जागेवर दोन गोण्या.

आधी वाटलं, वरून घसरल्या. सोडून पाहिलं. दोन्हींत एकच सामान. तीच फाटकी रेक्झिनची पर्स इकडेही, तिकडेही. माझा फुटका कपही दोन्हींत होता, त्याच ठिकाणी कान उडालेला. मी तिथंच फतकल मारून बसले. सासूबाई परत आल्या, रागावल्या नाहीत. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, म्या सांगत व्हते न्हवं, वाढतंय.

शुक्रवार, २४ जानेवारी

इंद्रजितला मंगलवहिनींचं माहेर कुठलं विचारलं. मोबाईलमधून डोकं न काढता वेल्ह्याकडे कुठंतरी, म्हणाला. सख्ख्या भावजयीचं गाव माहीत नसावं?

मग सासूबाईंना विचारलं. त्या लसूण सोलत होत्या, सालं वेगळी जपून ठेवत होत्या. काम न थांबवता म्हणाल्या, मंगल व्हय? वाढली की.

आज मी हसले नाही.

बुधवार, २९ जानेवारी

लिहू की नको. दुपारी माजघरातल्या गोण्यांमागून बांगड्या वाजल्या. एका हाताच्या नाहीत. हळदीकुंकवाला बायका दाटीवाटीनं बसल्यावर वाजतात तशा.

मी एक गोणी ओढली. मागे हात होता, मनगटावर गोरख असं गोंदलेला. गोरख माझ्या दिरांचं नाव. त्या हातामागे तसाच दुसरा हात. तेच गोंदण, तोच भाजल्याचा डाग. त्याच्यामागे आणखी —

आतून कुणीतरी अगदी हळू विचारलं, फाटक लावलंय ना? कोण आलं न्हाई ना?

मी लावलंय म्हणाले. गोणी परत ढकलली. आणि लाज वाटते लिहायला, पण ती मी सरळ रेषेत नीट लावून ठेवली. ओरडत बाहेर पळायचं सोडून. बाहेर गेले तर सुगराभाभी काय झालं विचारतील, आत येतील, घर बघतील. मनात आलं ते हेच.

रविवार, २ फेब्रुवारी

इंद्रजितला सगळं सांगितलं. त्याला माहीत होतं. त्याला माहीत होतं! रडला, माझे पाय धरले. लोक काय म्हणतील, म्हणाला. ओव्हरटाइम आहे म्हणून गेला तो आलाच नाही. फोन बंद.

सकाळी पाहिलं तर माझ्या उशीखाली दुधाची पिशवी. धुतलेली, घडी घातलेली. मी कधी ठेवली?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आईचा फोन. गुरुवारी न्यायला येते म्हणाली. मी म्हटलं तू नको, मीच येते. हसली. म्हणाली, एवढं मोठं घर, बघू तरी दे मला.

खरं तर म्हणायला हवं होतं, की आई, आत्ताच्या आत्ता ये. म्हणाले काय, तर रंग ओला आहे. तरी येतेच म्हणाली.

सासूबाई माझ्या पोटावरून हात फिरवत होत्या. लई मायेनं. म्हणाल्या, तूबी वाढशील आता.

बाळाला इथं जन्म द्यायचा नाही. काही झालं तरी नाही. गुरुवारी बॅग घेऊन फाटकात उभी राहीन, आई दिसली की तिथूनच निघायचं. तिला आत येऊ द्यायचं नाही, बस्स.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बोळ बंद झाला. पहाटे ढीग खाली आला, मी स्वयंपाकघरात. फोन पुढच्या खोलीत वाजतोय. वाजून थांबला. परत —

आई आली. अंगणाकडच्या खिडकीतून दिसते, गोण्यांच्या फटीतून. जांभळी साडी. हातात पिशवी, माझ्यासाठी काहीतरी आणलंय.

सासूबाई अंगणातच तिच्याशी बोलतायत. शिवानी सकाळीच सारोळ्याला गेली, चुकामूक झाली बघा विहीणबाई. आई म्हणते, अगं बाई, फोन तरी करायचा पोरीनं.

हाक मारली की झालं. दहा पावलांवर आहे. तोंडावर माझ्या कुणाचाच हात नाही.

पण हाक मारली तर ती आत येणार. बघणार. हा वास, या सालांच्या पिशव्या, आठवडाभर न धुतलेलं माझं डोकं — म्हणेल, माझी शिवानी अशी? —

बाळ लाथा मारतंय. खूप.

आई पाणी प्यायली. तांब्या परत दिला. बरं येते म्हणाली — सासूबाई या म्हणाल्या —

नाही. मारते हाक. मरू दे लाज, मारतेच —

मागून कुणीतरी म्हणालं, थांब गं, केस तरी विंचरू दे आधी —

आवाज माझाच. मी वळून पाहिलं नाही. मी थांबले. खरंच थांबले, तिचं पटलं म्हणून — फाटक वाजलं — आई रस्ता ओलांडते, एसटी आली, अजून हात वर केला तर ती —