खिडकीतला कूलर

१० जून
वैभवी सकाळच्या गाडीने पुण्याला गेली. जाताना फाटकात थांबून म्हणाली, आई, बाबा आता नाहीत, हे घर-अंगण तुझ्याने व्हायचं नाही. होळीला येते, तेव्हा बघू. नीट दिसलं तर राहा. नाहीतर तू माझ्याकडे पुण्याला, आणि घर बिल्डरला.
म्हटलं, बघच. ऑफिसात पुरुषांनी भरलेलं सेक्शन सांभाळलं आहे मी. एका घराचं काय!
उद्या पहिलं काम म्हणजे बेडरूमच्या खिडकीतला कूलर काढणे. दर जूनमध्ये श्रीधर काढायचा. कुरकुर अशी, की जणू पूल पाडतोय.

११ जून
कूलर काढायला गेले. श्रीधरने मार्चमध्ये लावताना तो वादळात हलू नये म्हणून खिडकीच्या गजाला दोरीने बांधून ठेवला आहे. निरगाठ. सुटणं अशक्य. नुसतं बघूनच कळतं. कॉन्व्हेंटमध्ये गाइडिंगला मला गाठींचा बॅज मिळाला होता. आणि माझ्याच नवऱ्याने हे असं करून ठेवावं!
रविवारी बघते.

९ जुलै
गच्चीचा पाइप कडुनिंबाच्या पानांनी तुंबला. देवघरात गळतं. खाली बादली ठेवली. तात्पुरती.
शेजारच्या सिंधूताई कुंपणावरून ओरडल्या, "काहून वं पुष्पलता, पावसाळ्यात कूलर लावून ठेवते का कोणी? त्यातले मच्छर आमाले चावून राहिले!"
सांगितलं, डासांवर माझं नाव लिहिलेलं नसतं.

२ ऑगस्ट
डेंग्यूची तपासणी. महापालिकेकडून मोनाली नावाची मुलगी आली. बॅटरी मारून कूलरच्या टाकीत पाहिलं आणि म्हणाली, मॅडम, हे काय आहे? म्हटलं, पाणी. म्हणाली, अळ्या आहेत. टाकी रिकामी करा, नाहीतर गप्पी मासे सोडते.
टाकी रिकामी करायची तर कूलर सोडवावा लागेल. मासे सोड म्हटलं.
आता प्रश्न कायमचा मिटला. या घरात निर्णय पटकन होतात, हे वैभवीने बघायला हवं होतं.

२३ ऑगस्ट
आज मारबत. सिंधूताई मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघून आल्या आणि फाटकातूनच म्हणाल्या, "सारी इडापिडा गेली वं मारबतीसंगं. तुहा तेवढा कूलर राह्यला. त्याले बी धाडून द्याचा होता!"
त्यांचा मुलगा खापरखेड्याला पॉवर स्टेशनमध्ये आहे, म्हणून यांना वाटतं विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूवर बोलायचा हक्क यांचा.
मी हसले नाही. नंतर कळलं, मे महिन्यानंतर हसलेच नाही. काही बिघडलं नाही त्याने.

१२ ऑक्टोबर
अंगणात गाजरगवत कमरेपर्यंत. दिवाळीआधी काढायचं ठरवलं. खुरपं सापडत नाही. श्रीधर वस्तू कुठे ठेवायचा ते त्यालाच माहीत. विचारायची सोय नाही, हे बेजबाबदारपणाचं आहे.

२० ऑक्टोबर
दिवाळी. गवत आहे. पांढरी फुलं आली आहेत त्याला. दुरून बाग वाटते. वैभवीला फोनवर सांगितलं, अंगण फुललंय.

१८ डिसेंबर
कडाक्याची थंडी. कूलरमुळे खिडकी बंद होत नाही. वारा वाळ्याच्या ताट्यांमधून थेट पलंगावर. दोन रजया, कानटोपी. सिंधूताईंनी बाहेरून पाहिलं. "थंडीत कूलरसमोर झोपून राहिली का वं? डोकं ठिकाणावर हाय ना?"
म्हटलं, आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर्स बारा महिने खिडकी उघडी ठेवून झोपायच्या. शिस्त म्हणतात त्याला.
पलंगाची डावी बाजू जास्त गार पडते. तिथे झोपत नाही मी.

१४ जानेवारी
सिंधूताईंनी तिळगूळ आणला. देवघरातली पावसाळ्यातली बादली अजून भरलेली दिसली. त्यांनी ओतून परत ठेवली. आगाऊपणा.
टाकीत एकच मासा दिसतो. बाकीचे खाली असतील.

१५ फेब्रुवारी
होळी जवळ आली. गच्ची, गवत, गळती, सगळं एका आठवड्यात होण्यासारखं आहे. सोमवारपासून.

१ मार्च
ऊन लागायला लागलं. गल्लीत सगळे माळ्यावरून कूलर काढताहेत, टाक्या धुताहेत, नव्या ताट्या बसवताहेत. माझा खिडकीत तयार! सिंधूताईंना हाक मारून दाखवलं, बघा, अख्ख्या गल्लीत पहिला.
त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "हो वं बाई. तूच पह्यली." टोमणा नव्हता. टोमणा परवडला असता.

४ मार्च
वैभवी आली. गवत पाहिलं, देवघराचं छत पाहिलं. मी प्रत्येकाचं कारण सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि कूलर सुरू केला. पलंगभर काळा भुगा उडाला. वाळ्याचा वास नाही. तिने एक ताटी ओढली, ती हातात चुरली.
"ही बाबांनी लावलेली?"
दुसरं कोण लावणार?
"वर्षभर कूलर काढलाच नाहीस?"
तिला गाठीचं सांगितलं. तुझ्या वडिलांनी काय करून ठेवलं आहे ते बघ म्हटलं.
ती खिडकीशी गेली. दोरीचं एक टोक धरून ओढलं. सुटली. एका ओढीत.
म्हणाली, "बाबा सुरगाठच मारायचे आई. ते बाहेरून कूलर धरायचे आणि तू आतून दोरी ओढायचीस. दर वर्षी."
मी म्हटलं, आठवत नाही.
तिने पुण्याचं काही काढलं नाही. रात्री आम्ही खिचडी खाल्ली.

७ मार्च
पुण्याला जायचं ठरलं. ठरवलं मी. हवाबदल म्हणून. पावसाळ्यानंतर परत. वैभवी बॅगा घ्यायला सीताबर्डीला गेली आहे.
मासा बादलीत घालून सिंधूताईंकडे दिला. म्हणाल्या, "येशील ना वं परत? मी काही कायमचा नाही सांभाळत तुहा मासा." पदर डोळ्याला लावला. माशासाठी इतकं!
घरी आले. कूलर तसाच सुटा होता. रिकाम्या घरात वादळाने पडेल, म्हणून गजाला परत बांधला. सुरगाठ मारायला गेले. बॅज मिळाला होता मला.
निरगाठ झाली. ओढून पाहिली. सुटत नाही.